यंत्र सापडले नाही

एटापल्लीतल्या माझ्या दुकानाच्या पाटीवर ‘फोटो, लॅमिनेशन, झेरॉक्स’ आणि त्याखाली ‘अचूक रंग’ असं लिहिलेलं आहे. झेरॉक्स काळीपांढरी निघते, हा आक्षेप अख्ख्या गावात फक्त बायकोने घेतला. पाटीला जागावं म्हणून मी कलरीमीटर मागवला. तो मॉनिटरच्या काचेवर टेकवायचा, मग डिस्प्लेकॅल हे फुकट सॉफ्टवेअर एकेक रंग दाखवतं आणि यंत्र तो मोजतं. सॉफ्टवेअरचं म्हणणं पडलं, यंत्र सापडले नाही. यंत्र त्याच्या नाकासमोर लोंबत होतं.

वायर बदलली. हब काढून थेट संगणकाला जोडलं. “आता हातच जोडा,” बायको म्हणाली. यंत्रासोबत आलेला ड्रायव्हर आणि पडद्यामागे चालणारी एक सेवा त्याला परक्याशी बोलू देत नव्हती, एवढंच ते प्रकरण. सेवा बंद केली, डिस्प्लेकॅलला चालणारा आर्गिलचा ड्रायव्हर बसवला आणि मध्यरात्री शोध लागला.

आता हे मोजणं कुणाच्या डोळ्यांनी, तेही सांगतो. गिऱ्हाइकांना सांगितल्याशिवाय मी सोडत नाही. १९३१ साली रंगमापनाचा ‘प्रमाण निरीक्षक’ ठरला, तो विलायतेतल्या १७ जणांच्या डोळ्यांवरून. १० जण राइटसाहेबांनी तपासले, ७ गिल्डसाहेबांनी. त्यांची सरासरी काढली आणि जगाचे रंग ठरले. आमच्याकडे शालू मोरपंखी की रामा, यावर सतरा जणांची मतं घ्या, लग्न मोडेल! शिवाय त्या सतरांत एटापल्ली तालुक्याचं कुणीच नव्हतं, ही माझी जुनी तक्रार. आमच्या सूरजागडच्या खाणीतलं हेमॅटाइट, म्हणजे लोहखनिज, त्यांना कुणी दाखवलं असणार? दगड काळपट, पोलादी. भुकटी झाली की लाल. ती ट्रकमागून उडते, रस्त्याकाठच्या झाडांवर बसते. पावसाळ्यात पानं धुऊन निघतात, पुन्हा माखतात. त्या रस्त्याने जाताना मी हल्ली चिडचिडा होतो, आणि ती चीड कुठल्या स्लायडरने कमी होत नाही.

पडदा ६५०० केल्विनवर आला तेव्हा ठाकूरदेवाच्या जत्रेला जाताना काढलेला एका मावशींचा फोटो उघडा होता. मागे मोहाचं झाड. पान न् पान विटकरी, अगदी जसंच्या तसं. मी छाती फुगवून मावशींना पडद्यासमोर बसवलं.

“पानं हिरवी करून द्या ना जी,” त्या म्हणाल्या. “लेक पुण्यात राहते, तिला पाठवायचा आहे.”

“कोणती हिरवी?”

“पहिले होती तशी.”

याचा आकडा १७ जणांकडेही नाही. मी स्लायडर सरकवत गेलो, त्या “आणखी” म्हणत राहिल्या. शेवटी जो हिरवा त्यांना पटला, तो माझ्या प्रिंटरच्या शाईतून निघूच शकत नाही. तसं सांगायला जीभ रेटेना. शाई संपली म्हणालो, आणि सोमवारचा वायदा केला.