पन्हळीचे तीन भाव

"बाई, 38 हजार म्हणालंय ते! सोन्याची पन्हळ बशिवतंय का काय की!"

आमच्या आणि आक्कांच्या घरांमधली भिंत छातीइतकी उंच. तिच्यावर कोपर टेकून आक्का बोलायला लागल्या की आधी आत जाऊन गॅस बंद करून यावं लागतं. मे संपत आला होता, रोहिणी निघालं होतं आणि मृगाच्या आत उरकायचं म्हणून बेंबळीतली अर्धी घरं शिडीवर चढलेली होती. आक्कांच्या पुढच्या आणि मागच्या पडव्या तीस-तीस फुटांच्या. वरचे पत्रे धड आहेत. पण पत्र्याच्या टोकाची लाकडी झालर वाळवीनं पोखरलेली, आणि तिला टांगलेली पन्हळ जागोजागी गंजून आरपार. गेल्या पावसाळ्यात त्या पन्हळीचं पाणी पाईपात कमी आणि भिंतीवर जास्त उतरलं. त्यातलं निम्मं आमच्या अंगणात आलं, तेव्हा या विषयात मलाही रस होता हे लपवत नाही.

"38 कोण म्हणालं?"

"त्यो गुत्तेदार. टेपसुदीक लावला न्हाई. खालनं वर बघितलं, सुपारी ह्या गालातनं त्या गालात घेतली आन् म्हणला, आक्का, समदं गुत्तं धरून 38. दुसरा वेल्डिंगवाला आलता. त्यो म्हणला, 180 रुपये रनिंग फूट. आन् तिसरा धाराशिवचा, त्यो तर किलोवरच बोलायलाय. 160 रुपये किलो! पन्हळ म्हंजे काय शेवग्याच्या शेंगा हायत व्हय किलोवर घ्यायला?"

बाजेवर पडल्या पडल्या आक्कांच्या यजमानांनी, अण्णांनी, हिशेब सांगून टाकला. "60 फुटाला 180 नं 10 हजार 800. स्वस्त त्योच. देऊन टाका त्याला."

"तुमी गप बसा. मागं बोअरलाबी असंच देऊन टाका म्हणलाव," आक्कांनी तिथल्या तिथं मिटवलं.

माझं म्हणणं एवढंच होतं की हे तीन भाव शेजारी शेजारी मांडताच येत नाहीत. गुत्तेदार सगळं काम विकतोय, वेल्डिंगवाला नुसती पन्हळ विकतोय आणि धाराशिवचा नुसतं लोखंड. आधी आपली यादी पाहिजे. ती एकच यादी तिघांना द्यायची आणि प्रत्येक ओळीपुढं आकडा मागायचा. जो आकडा लिहायला कां-कूं करतो त्याची पोटातली गोष्ट तिथंच कळते.

आक्कांच्या नातवाच्या वहीचं पान फाडलं आणि भिंतीवर ठेवूनच लिहायला घेतलं. पन्हळ 60 फूट. तिला धरणारे पट्टीचे ब्रॅकेट, दर दोन फुटांवर एक. दोन्ही टोकांची टोपणं. खाली उतरणारे चार इंची पाईप, एका पडवीला दोन, म्हणजे चार. सडलेली झालर काढून तिथं पत्र्याची झालर. जुनं उतरवायची मजुरी. मग वेल्डिंगवाल्याला फोन लावला आणि आक्कांनी स्पीकर चालू केला.

"ब्रॅकेट धरलेत का रं त्यात?"

"न्हाई आक्का, ब्रॅकेटचं येगळं. 90 रुपये नग."

"आन् पाईप?"

"त्ये प्लंबरचं काम. पण करून देतो की."

"झालर?"

"झालर काढायची तुमी म्हणलावच कुठं?"

प्रत्येक ओळीला त्याचा स्वर थोडा थोडा उतरत गेला आणि आकडा चढत गेला. पन्हळ 10 हजार 800, 32 ब्रॅकेटांचे 2 हजार 880, झालर 60 रुपये फुटानं 3 हजार 600, पाईप-कोपऱ्यांसकट 3 हजार 600, टोपणं आणि किरकोळ हजार, उतरवायची मजुरी दीड हजार. बेरीज 23 हजार 380. अण्णा बाजेवर उठून बसले. लबाडी त्या पोरानं केली असं मी म्हणणार नाही. त्याला जेवढं विचारलं तेवढ्याचाच भाव त्यानं सांगितला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मोटारसायकलला आडवी बांधून दहा फुटी पन्हळीचा नमुना घेऊन आला. दिसायला सुरेख. निळी, चकचकीत.

"किती जाडीचा पत्रा?" मी विचारलं.

"28 गेज, बाई. एकदम हेवी."

आक्कांनी मान डोलावली, कारण 28 हा आकडा 24 पेक्षा मोठा आहे. इथंच माणूस फसतो. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. म्हणून गेज विचारूच नये, मिलिमीटर विचारावेत. आणि तोंडी मिलिमीटरवरही विसंबू नये, कारण रंगाच्या थराखाली 0.35 आणि 0.50 नुसत्या डोळ्याला सारखेच दिसतात.

तेवढ्यात अण्णा घरातून सोयाबीनची पोती तोलायचा लटकता काटा घेऊन आले. त्या माणसाचं डोकं अधूनमधून असं झकास चालतं. पन्हळीच्या मधोमध दोरी बांधली, काटा आंब्याच्या फांदीला अडकवला, आणि काट्यावर आकडा आला 5 किलो 100 ग्रॅम. मग दुसऱ्या दोरीनं पन्हळीच्या आतून माप घेतलं, या काठापासून तळातून त्या काठापर्यंत. भरलं दोन फूट. म्हणजे पन्हळ उलगडून सपाट केली तर दहा फूट लांब आणि दोन फूट रुंद पत्रा, 20 चौरस फूट, मीटरमध्ये 1.86 चौरस मीटर. पोलादाचा एक मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला 7.85 किलो भरतो. तेव्हा हा तुकडा एक मिलिमीटरचा असता तर साडेचौदा किलोच्या वर गेला असता, अर्ध्या मिलिमीटरचा असता तर सव्वासात. भरला पाच, म्हणजे जाडी जेमतेम 0.35, तीही जस्त आणि रंग धरून.

वेल्डिंगवाला पोरगा काट्याकडं बघत राहिला. "बाई, अशी पन्हळ तोलताना म्या पयल्यांदाच बघायलाव."

"0.50 ची किती?"

"220 पडंल फुटाला."

किलोवर भाव सांगणाऱ्या धाराशिवच्या माणसाला आक्कांनी नावं ठेवली खरी, पण तिघांमध्ये सरळ बोलणारा तोच होता. पत्रा वजनावर घेतला की पातळ माल जाडाच्या भावात खपवता येत नाही. त्याच्या दरानं जाड पत्र्याच्या 60 फूट पन्हळीचं 44 किलो लोखंड 7 हजारांच्या आसपास होत होतं. मोड घालणं, गाडीभाडं आणि वर चढवून बसवणं हे सगळं मात्र त्याच्या हिशेबाबाहेर.

"पयलं कुठं हुती असली पन्हळ-बिन्हळ?" अण्णांनी तंबाखू मळायला घेतली. आता विषय लांबणार हे ओळखून आक्का खालीच टेकल्या. "आमचं माळवदाचं घर. सर, तुळया, वर फळ्या, त्याच्यावर पाला आन् वर हातभर पांढरी माती. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊब. पाऊस पडायच्या आत नवी माती टाकायची, चोपून घ्यायची. पाणी जायला दोन-तीन पन्हळं भायेर काढल्याली, दगडाची न्हाईतर लाकडाची. संपलं."

ते संपलं 30 सप्टेंबर 1993 ला. गणपती बोळवून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी-सास्तूरकडची जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावरची माळवदाची माती, हेच वजन झोपलेल्यांच्या अंगावर आलं. त्यानंतर आमच्या भागात धडधाकट माळवदाखालीही झोपायची लोकांना भीती वाटायला लागली. कुणी स्लॅब टाकला, ज्यांना परवडला नाही त्यांनी पत्रे घातले. आक्कांची पडवी त्याच लाटेतली.

पण माळवद पाणी थोडं पितं, थोडं धरतं आणि सावकाश सोडतं. पत्रा थेंबसुद्धा ठेवून घेत नाही. आक्कांच्या एका पडवीचा उतार 30 फूट बाय 12 फूट, म्हणजे 33 चौरस मीटरच्या वर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तासाभरात 50 मिलिमीटरची सर झोडपून गेली तर एकट्या त्या उतारावरून 1,670 लिटर खाली येतं, दोनशे लिटरची आठ पिंपं भरून वर उरेल एवढं. वर्षाला सात-आठशे मिलिमीटर पावसाचा आपला जिल्हा, पण हल्ली तो एकेका दिवसात हिशेब चुकता करतो. 2025 च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडं अतिवृष्टीनं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं.

हे पाणी पागोळ्यांनी भिंतीच्या बुडाशीच पडत राहिलं तर चर पडतो. खाली काळी माती. ती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाया वर-खाली होतो. मग भिंतीला तिरकी चीर जाते आणि आपण गवंड्याला बोलावून सिमेंट भरून घेतो. दुखणं वर वळचणीला असतं.

"आन् पाणी बाईंच्या हद्दीत पडतंय त्येचं काय?" अण्णा म्हणाले. कोर्टाच्या पायऱ्या त्यांनी भावकीच्या बांधासाठी भरपूर झिजवल्यात, त्यामुळं कायदा तोंडपाठ. "1882 चा कायदा हाय. 20 वर्सं उघड उघड, बिनतक्रार, हक्कानं पागोळी पडत आली की त्यो हक्कच हुतो."

"म्हणजे मी तक्रार करू की नको?"

"करायची तर लवकर करा," अण्णा डोळे मिचकावून म्हणाले. आक्कांनी त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी तंबाखूची चिमूट न लावता तशीच टाकली.

मग आमचं असं ठरलं की भिंतीकडचे दोन्ही पाईप जमिनीपर्यंत सोडायचे आणि आक्कांच्याच बाजूनं नालीला न्यायचे. त्यातल्या एका पाईपाचे पैसे माझे.

यादीत आणखी चार ओळी वाढल्या. पन्हळीला दहा फुटांमागं पाव ते अर्धा इंच उतार, आणि तो अंदाजानं नाही, पाण्याची नळी लावून. पत्रा पन्हळीत दोनेक इंच आत आला पाहिजे, नाहीतर पाणी पत्र्याच्या खालच्या अंगानं उलटं वळून भिंतीला लागतं. स्क्रू रबरी वायसरचे आणि पत्र्याच्या उंचवट्यावर, खोलगटात नाही. जोडावर रिव्हेट आणि आतून सिलिकॉन.

गुत्तेदाराला तीच यादी पाठवली. 38 वरून तो न मागता 31 वर आला. त्याचा हा चांगुलपणा बघून आक्का खूश झाल्या, मला मात्र तिथंच त्याचा राग आला. शिवाय बोलता बोलता तो म्हणाला, "जुनं मटेरियल आमी घेऊन जातो, तुमाला तरास नको." जुनं मटेरियल म्हणजे गंजकी पन्हळ आणि तिचे लोखंडी अँगल. भंगारवाला दारात येऊन रोख देतो त्याचे. झालरीच्या फळ्यांमध्येही वाळवीनं सोडलेलं सागवान निघतं, खिडकीची चौकट होईल एवढं. तेव्हा जुना माल घरमालकाचा, ही ओळ यादीत सगळ्यात वर घातली.

इसाराचं आक्कांनीच ठरवलं, आणि फार शहाणपणानं. पत्रा दुकानातून आपण आपल्या नावानं घ्यायचा, पक्क्या बिलावर, बिलात जाडी मिलिमीटरमध्ये लिहून. अठरा टक्के जीएसटी जाईल तर जाऊ दे. चांगल्या कंपनीच्या पत्र्यावर मागच्या बाजूला नाव आणि जाडी छापलेली असते, ती उतरवून घेतानाच बघायची. वेल्डिंगवाल्याला मजुरीतले निम्मे काम सुरू करताना, 2 हजार राखून बाकीचे बसवून झाल्यावर, आणि ते 2 हजार पहिल्या मोठ्या पावसानंतर.

"पाऊसच न्हाई पडला तर?" पोरानं विचारलं.

"तर मंग पन्हळ कशाला पायजे हुती?" आक्का म्हणाल्या.

पुण्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला तो सगळं ठरल्यावर. "आई, ऑनलाइन पीव्हीसीची पन्हळ मिळते, गंजत नाही, मागवू का?" वस्तू वाईट नाही, पण बसवणारा हात गावात लागतो, आणि वादळात एक तुकडा उडाला तर तसाच दुसरा इथं कुठं शोधायचा? मालाचा विषय निघालाच आहे तर, शेजारच्या गल्लीतल्या एकांनी जुने सिमेंटचे पत्रे काढले ते मात्र चांगलं केलं. त्यांना एवढंच सांगितलं होतं की ते पत्रे फोडू नका, करवत लावू नका, ओले करून अख्खेच उतरवा. त्यात बहुतेक वेळा ॲसबेस्टॉस असतं, त्याची धूळ छातीत जाते.

काम शेवटी वेल्डिंगवाल्यालाच गेलं. 0.50 मिलिमीटरचा पत्रा, यादीतलं सगळं धरून, जीएसटीसकट 25 हजारांत. 10 हजार 800 मध्ये ते होणार नव्हतं आणि 38 हजारांचं ते नव्हतंच. दसऱ्यानंतर विचारलं असतं तर आणखी हजार-दोन हजार सुटले असते, कारण मृगाच्या तोंडावर वेल्डिंगवाला घासाघीस करत नाही, त्याच्याकडं आणखी दहा जण थांबलेले असतात. तेव्हा तुमच्या पडवीची पन्हळ गळत असेल तर या पावसात गळती कुठं आहे तेवढं खडूनं खूण करून ठेवा, सोयाबीन घरात आल्यावर यादी करा, आणि काटा लागला तर आक्कांच्या घरी आहे.