सबब, कळविण्यात येते

उद्या नळाला पाणी नाही, एवढंच सांगायचं होतं. सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली: ‘तांत्रिक कारणास्तव जलवितरण अंशतः बाधित होण्याची शक्यता नाकारता येत नाही, सबब नागरिकांनी सहकार्य करावे.’ काकूंनी ती दोनदा वाचली, मग वॉचमनला विचारलं, “पाणी येणार का रे?”

“नाय येणार.”

काकूंनी तडक पिंप भरलं.

महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम 1964 चा. कारभार मराठीत आला खरा, पण वाक्यांतून कर्ता तेवढा बदलून गेला. (निवृत्तच झाला असावा.) ‘करण्यात येते’, ‘विचाराधीन आहे’, ‘निदर्शनास आले आहे’. करतं कोण, विचार कुणाचा, दिसलं कुणाला? पाइप फुटतो, आणि फोडणारा व्याकरणातूनच फरार!