दीड फुटाचं डोनेशन

आमच्या गावात दोन प्रकारची माणसं राहतात. एक, ज्यांच्याकडे कॉलेज फुटबॉलचं सीझन तिकीट आहे ती. आणि दुसरी, जी सुखी आहेत ती.

मी पहिल्या जमातीतला. गाव अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं, अख्खं विद्यापीठाच्या जिवावर जगणारं. त्या विद्यापीठाचं नाव मात्र मी इथे देणार नाही. तिकिटाचं नूतनीकरण तोंडावर आलंय, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?

कॉलेजची मॅच बघायला मी पैसे मोजतो, हे सांगलीच्या मित्रांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली. त्यांच्या डोळ्यांपुढे आमच्या कॉलेजचं मैदान. तिथे प्रेक्षक म्हणजे राखीव खेळाडू, सगळ्यांच्या सायकली सांभाळणारा एखादा सज्जन आणि प्रॅक्टिकल बुडवून आलेली दोन पोरं. चहा पाजायचं कबूल केल्याशिवाय तीही थांबायची नाहीत. इथलं प्रकरण निराळं आहे. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची अधिकृत क्षमता १,०७,६०१. पेन स्टेट, ओहायो स्टेट, टेनेसी यांचीही लाखाच्या वरच. मिशिगनच्या आकड्यातल्या त्या शेवटच्या एकाची वेगळीच कहाणी आहे. १९५६ पासून तिथल्या क्षमतेचा आकडा एकवर संपतो. ती एक जास्तीची सीट फ्रिट्झ क्राइस्लर या जुन्या प्रशिक्षकाच्या सन्मानार्थ धरलेली. पण ती नेमकी कुठे आहे, हे आजवर कोणी सांगितलेलं नाही. माझा अंदाज असा, की ज्या दिवशी तिचं बिल निघेल त्या दिवशी पत्ताही लागेल.

बिलं मात्र आमची निघतात. हिवाळ्यात, बाहेर गुडघाभर बर्फ असताना ईमेल येते. सुरुवातीलाच लिहिलेलं असतं, ‘आपण आमच्या कुटुंबातले आहात.’ असलं वाक्य कानावर पडलं की माझे वडील आधी खिशातलं पाकीट चाचपायचे.

खाली बिल. पहिली ओळ तिकिटांची, म्हणजे सातेक घरच्या मॅचेसची. ती वाचून माणूस म्हणतो, ठीक आहे, महागाई आहे. दुसरी ओळ देणगीची. ही देणगी पूर्णपणे ऐच्छिक असते. द्यायची नसेल तर कोणी जबरदस्ती करत नाही. फक्त मग ती सीट मिळत नाही. तिसरी ओळ पार्किंगची. चौथी ओळ प्रोसेसिंग फी. म्हणजे माझ्या घरी, माझ्या कॉम्प्युटरवर, माझ्या विजेवर, माझं कार्ड वापरून मी जी खटपट करणार, तिचा मेहनताना. तोही मीच द्यायचा. आणि पूर्वी निदान छापील तिकिटं यायची, जाड कागदाची, खेळाडूंच्या फोटोंची. पाहुण्यांना दाखवता यायची. आता फोनवर एक चौकोन येतो आणि बॅटरी संपली की तोही जातो.

सीटसाठी देणगी हा प्रकार मराठी माणसाला काही नवा नाही. खासगी इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली त्या काळात ‘सीटला किती?’ हा प्रश्न लग्नाकार्यातही विचारला जायचा. माझ्या वडिलांनी डोनेशन द्यायला साफ नकार दिला होता. “शिक्षणासाठी लाच देणार नाही. मार्क पाड आणि जा,” असं त्यांनी दारात उभं राहून शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. त्यांच्या त्या तत्त्वापायी मी रात्र रात्र जागून मार्क पाडले, पुढे इथे आलो, पदवी घेतली, नोकरीला लागलो. आणि आज त्यांचा मुलगा दरवर्षी डोनेशन देऊन सीट घेतो. तीही अ‍ॅल्युमिनियमच्या बाकावर, जेमतेम दीड फूट रुंदीची, दोन्हीकडे रंगाने मारलेल्या रेघांमधली.

दीड फूट सप्टेंबरात पुरतो. नोव्हेंबरात माणसं थर्मल, स्वेटर, जाकीट आणि सगळ्यावर टीमची जर्सी अशा बेताने येतात. मग उशिरा आलेला एखादा रांगेच्या या टोकाला बसला, की त्या टोकाचा माणूस जिन्यात उभा राहतो. त्याने मात्र पैसे बसण्याचे भरलेले असतात.

पूर्वी एक समाधान होतं. या देणगीतली ८० टक्के रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करता यायची. म्हणजे बाकावर बसून हॉट डॉग खाणं हे सरकारदरबारी ८० टक्के परोपकारात जमा होतं. २०१७ च्या करकायद्याने ही सवलत काढून घेतली आणि २०१८ पासून मी शंभर टक्के स्वार्थी झालो. देणगीचा आकडा कमी होईल अशी आमची भाबडी समजूत होती. तो वाढला.

अलीकडच्या वाढीला मात्र कारण आहे, आणि गंमत म्हणजे ते रास्त आहे. या खेळातल्या पोरांना शंभरावर वर्षं शिष्यवृत्तीपलीकडे खेळण्याचे पैसे द्यायचे नाहीत असा नियम होता. लाख माणसं तिकीट काढून बघणार, टीव्हीवाले अब्जावधी मोजणार आणि हाडं मोडून घेणारा तो ‘विद्यार्थी-खेळाडू’. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी ही व्यवस्था खिळखिळी केली. त्याच वर्षीच्या १ जुलैपासून पोरांना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातींचे पैसे कमावता येऊ लागले. मग ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंच्या दाव्यातल्या एका मोठ्या तडजोडीवर सही केली. जुन्या खेळाडूंना मागची भरपाई म्हणून सुमारे २८० कोटी डॉलर. शिवाय प्रत्येक विद्यापीठाला आता आपल्या खेळाडूंना थेट पैसे वाटता येतात, पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत.

“बरोबरच आहे,” सौ. म्हणाली. “पोरं एवढी राबतात, त्यांना नको मिळायला?”

“पण देणार कोण?”

“विद्यापीठ.”

“आणि विद्यापीठाला?”

तिने माझ्याकडे बघितलं, मग बिलाकडे बघितलं आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेली. कुकर गॅसवर नव्हता.

टेनेसीने निदान आडपडदा ठेवला नाही. २०२५ च्या सीझन तिकिटांवर त्यांनी सरळ १० टक्के ‘टॅलेंट फी’ लावली. गुणवत्ता त्यांची, फी तुमची. मला हा मोकळेपणा आवडला. बाकीचे तीच वसुली ‘प्रेक्षकांचा अनुभव समृद्ध करण्यासाठी’ करतात. आमचा अनुभव गेल्या मोसमात एका नव्या स्क्रीनने समृद्ध केला. त्यावर बहुतेक वेळ जाहिराती असतात.

आता, सगळा दोष पोरांच्या माथी मारणंही बरं नव्हे. पोरांना दमडी मिळत नव्हती तेव्हाही तिकिटं वाढतच होती. तेव्हा पैसा प्रशिक्षकांकडे जायचा, अजूनही जातो. अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसतो, सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. टेक्सास ए अँड एमने २०२३ च्या नोव्हेंबरात जिंबो फिशर यांना काढलं. करार संपायच्या आत काढलं म्हणून त्यांना साडेसात कोटी डॉलरहून जास्त द्यावे लागले. काम न करण्याचे! मी आयुष्यभर ऑफिसात हेच करत आलो, पण योग्य माणसाच्या नजरेला पडलो नाही.

आणि एवढं भरून आपल्याला मिळतं काय? मॅच कोणत्या शनिवारी आहे ते कळतं. किती वाजता, ते टीव्हीवाले ठरवणार, कधी बारा दिवस आधी, कधी फक्त सहा. आमच्या बिग टेन परिषदेने, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाने, २०२२ मध्ये टीव्ही कंपन्यांशी सात वर्षांचा करार केला, सात अब्ज डॉलरच्या वरचा. सात अब्जवाला म्हणेल तेव्हा शिट्टी वाजते. आम्ही किरकोळ गिऱ्हाईक. त्यात फुटबॉलचा मोसम सुरू होतो तो ऐन गणपतीत, आणि मंडळाचा गणपती सोयीसाठी शनिवारी.

“अहो, शनिवारी आरती बाराला आहे.”

“मॅचही बाराला आहे.”

“तुम्ही तर साडेतीनला म्हणाला होता!”

“तो माझा अंदाज होता. टीव्हीवाल्यांनी काल बाराची ठरवली.”

“मग बाप्पालाच विचारते, साडेतीनला जमेल का म्हणून.”

याच मंडळाने मागे वर्गणी पाच डॉलरने वाढवायचा ठराव आणला होता. सभा मध्यरात्रीपर्यंत चालली. घटनेतल्या कलमांचा दाखला देऊन तो ठराव हाणून पाडणाऱ्यांत मी आघाडीवर होतो. खजिनदार अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

मैदानावरसुद्धा राज्य टीव्हीचंच. खेळ घड्याळी साठ मिनिटांचा, पण घरी जायला साडेतीन तास लागतात. मध्येच एक लाल टोपीवाला गृहस्थ मैदानात येऊन उभा राहतो. तो उभा आहे तोवर टीव्हीवर जाहिराती चालू आहेत असं समजायचं. बावीस धिप्पाड पोरं, दोन्हीकडचे कोट्यधीश प्रशिक्षक आणि लाखभर माणसं थंडीत हातावर हात चोळत त्या एका टोपीकडे बघत राहतात. टोपी हलली की खेळ सुरू. घरी बसून बघणारा तेवढ्यात फ्रिजपर्यंत जाऊन येतो, फुकटात.

सातातल्या एकदोन मॅचेस तर निव्वळ लोणच्याच्या. मोठी विद्यापीठं एखाद्या लहान विद्यापीठाला घसघशीत पैसे देऊन बोलावतात. पाहुण्यांनी यायचं, हरायचं, चेक घेऊन जायचं. २००७ च्या सप्टेंबरात मिशिगनने अ‍ॅपलेशियन स्टेटला ४ लाख डॉलर देऊन असंच बोलावलं. पाहुणे ३४-३२ असे जिंकले आणि चेकही घेऊन गेले. मिशिगनचं नाव काढलं की आमच्या गावात हा स्कोअर अजून आरतीसारखा म्हणतात. पण अशा मॅचचं तिकीट विकायला काढलं तर पार्किंगचे पैसेही सुटत नाहीत, आणि पॅकेजमधून ती वगळताही येत नाही.

मग सोडत का नाही? सोडता येत नाही, तीच तर मेख आहे. किती वर्षं तिकीट घेतलं, किती देणगी दिली, याचे गुण साठतात. गुण जास्त तर सीट मधली, कमी तर कोपऱ्यातली. एक वर्ष चुकवलं की जागा गेली आणि पुन्हा शेपटाला. माझ्या मागच्या रांगेत एक आजोबा बसतात. सीट त्यांच्या वडिलांची, वडिलांनंतर यांच्याकडे आली. दर मोसमाच्या शेवटी ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, “बस, हे शेवटचं. आता घरूनच बघणार.” मीही म्हणतो, “मीही.” आणि सप्टेंबरात दोघंही आपापल्या रेघांमध्ये हजर. गेल्या वर्षी त्यांनी नातवाला आणलं होतं, सीट दाखवायला. शेतीचा बांध दाखवावा तशी दाखवली.

या खेळात आता ज्याला त्याला मोकळीक मिळाली आहे. खेळाडू दरवर्षी विद्यापीठ बदलू शकतो. प्रशिक्षक करार मोडून जाऊ शकतो, नाहीतर हकालपट्टी करून घेऊन श्रीमंत होऊ शकतो. विद्यापीठंसुद्धा परिषदा बदलतात. २०२४ पासून लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं आमच्या मिडवेस्टच्या परिषदेत खेळतात. पोरं समुद्रावरून थेट आमच्या बर्फात. जागेवरून न हलणारा एकच प्राणी उरला, तो म्हणजे प्रेक्षक. आणि जो हलत नाही त्याच्याकडूनच वसुली होते, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

दर खाली येतात ते एकाच गोष्टीने, रिकाम्या बाकांनी. मिशिगनमध्ये २०१४ साली तिकिटांचे दर असे काही चढले आणि खेळ असा काही उतरला, की सप्टेंबरात दोन कोक घेतल्यास मॅचची दोन तिकिटं अशी योजना निघाली. पूर्ण पैसे भरून बसलेल्यांनी एकच कल्लोळ केला, योजना लगोलग गुंडाळली गेली. पुढच्या मोसमासाठी विद्यार्थ्यांच्या तिकिटांचे दर उतरले. ऑक्टोबर संपता संपता क्रीडासंचालकही पायउतार झाले. आम्ही शेजारी हे वाचून हसलो आणि आपापलं नूतनीकरण वेळेत भरलं. आम्ही हसणार आणि भरणार, हे आमच्या विद्यापीठाला आमच्याआधी ठाऊक होतं. तेव्हा तिकीट महाग होतं ते आमच्यामुळे, एवढा निकाल मी देऊन टाकतो. भरणारे आहेत तोवर वाढणारच.

मुलांना अमेरिकेत शिकायला पाठवणाऱ्या वाचकांना म्हणून कळकळीचं सांगणं आहे. तुम्ही ट्यूशन बघता, होस्टेल बघता, विमानाचं भाडं बघता. स्टेडियम केवढं आहे तेही बघा. ट्यूशन चार वर्षांत संपते, सीझन तिकीट नातवापर्यंत जातं. शिकागो विद्यापीठ एकेकाळी आमच्याच परिषदेत होतं, दांडगी टीम होती. १९३९ च्या मोसमानंतर त्यांनी फुटबॉल बंद करून टाकला. तीनच वर्षांनी, २ डिसेंबर १९४२ ला, त्याच ओस पडलेल्या स्टेडियमच्या बाकांखाली एन्रिको फर्मी आणि मंडळींनी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया करून दाखवली. पुढे त्यांनी फुटबॉल पुन्हा सुरू केला, पण लहान प्रमाणावर, बेताने. मुलांचा अर्ज तिकडे जरूर टाका. फी काही कमी नाही, पण ती एकदाची संपते.