पाऊण तासवाले काका

रायपूरच्या तात्यापाऱ्यात चार मराठी डोकी जमली, की त्यांत एक पाऊण तासवाले काका निघतातच. नागपूरच्या लग्नाचा विषय निघायचा अवकाश, काका चष्मा कपाळावर चढवतात, मोबाइल हातभर लांब धरतात आणि रायपूरच्या माना विमानतळापासून नागपूरच्या सोनेगाव विमानतळापर्यंत नकाशावर बोट ओढतात. "सरळ रेघ! दोनशे ऐंशी किलोमीटर. पाऊण घंट्यात नागपूर!" आकडा खोटा नाही, हीच पंचाईत. दोन्ही विमानतळ एकवीस अंश अक्षांशाच्या किंचित वर आहेत, त्यामुळे रेघ खरोखरच सरळ पूर्व-पश्चिम जाते. पण रूळही फारसे वाकडे नाहीत. रेल्वेने अंतर भरतं सुमारे 300 किलोमीटर. आकाशातून वाचलेल्या विसांतले पंधरा तर शहरातून माना गाठण्यातच जातात.

काकांच्या हिशेबात विमान जन्मतःच हवेत असतं. पुरता वेग ते पहिल्या मिनिटापासून धरतात. प्रत्यक्षात एवढ्याशा पल्ल्यात चढण संपते न संपते तोच उतरण लागते. शिवाय वेळापत्रकातली वेळ विमान इथल्या जागेवरून हलल्यापासून तिथल्या जागेवर उभं राहीपर्यंतची असते, म्हणून पाऊण तासाचा तास होतो. त्यात दीड-दोन तास आधी पोचणं, तपासणीत लोणच्याच्या बरणीवरून हुज्जत, मग बॅगेची वाट आणि सोनेगावहून सीताबर्डीपर्यंतची रिक्षा मिळवा. बेरीज चार तासांच्या घरात जाते. 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झालेली वंदे भारतही साधारण तेवढ्याच वेळात नागपूरला पोचवते, तेही भर शहरात आणि बरणीसकट.

"आणि गाडी लेट झाली तर?" काका विचारतात. होते, कोळशाच्या मालगाड्यांनी हा मार्ग कायम भरलेला. पण गाडीचा उशीर अनुभवावरून धरायचा आणि विमानाचा धरायचाच नाही, हा कुठला न्याय? मुंबईचं म्हणाल, तर काका शंभर टक्के बरोबर. अंतर साडेनऊशे किलोमीटर, विमानाला दोनएक तास, रेल्वेला अख्खी रात्र घालून वर दिवसाचाही लचका. विमानतळावरचे तीन तास दोन्हीकडे तेच; लांबच्या पल्ल्यात ते पचतात, जवळच्यात प्रवासालाच गिळतात. काकांना हे पटत नाही. थेट विमान दिसलं नाही, तर ते मुंबईमार्गे शोधतात. म्हणजे नागपूरच्या जरा दक्षिणेवरून उडत मुंबई गाठायची आणि तिथून उलटं नागपूरला यायचं. सोळाशे किलोमीटर झाले, तरी पाऊण घंटा कायम.

तेव्हा नागपूरला लग्न असेल, तर काकांचं सगळं ऐकून घ्या आणि रेल्वेचं तिकीट काढा. काकांचंही काढा, ते स्वतः नेहमी गाडीनेच जातात.