शेवटची पंगत

केन बर्न्स यांची ‘जॅझ’ ही माहितीपट मालिका जानेवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या पीबीएस वाहिनीवर दाखवली गेली. भाग दहा, लांबी सुमारे १९ तास. अमेरिकी यादवी युद्ध (१९९०) आणि बेसबॉल (१९९४) यांवरच्या मालिका उरकून बर्न्स या संगीताकडे वळले, तेव्हा आपल्याला त्यातले फारसे कळत नाही, हे त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकले. १९ तास बोलायला तेवढी पात्रता सहसा पुरते.

बर्न्स यांची रीत ठरलेली: जुना फोटो, त्यावरून मुंगीच्या पावलांनी सरकणारा कॅमेरा आणि गंभीर निवेदन. चित्र हलत नाही म्हणून कॅमेरा हलवायचा, ही युक्ती इतकी गाजली की ॲपलने आपल्या सॉफ्टवेअरमध्ये तिला त्यांचेच नाव दिले. तिची खरी कसोटी लागते ती न्यू ऑर्लिन्सच्या बडी बोल्डनपाशी. जॅझच्या या आद्यपुरुषाचा कॉर्नेट कित्येक मैल ऐकू जाई, अशी आख्यायिका आहे. पुराव्याला मात्र एकही ध्वनिमुद्रण उरलेले नाही, आणि त्याचा म्हणून ओळखला जाणारा फोटो एकच. १९०७ मध्ये तो मनोरुग्णालयात गेला आणि १९३१ मध्ये तिथेच वारला. बोल्डन कसा वाजवीत असे, हे मालिकेत विंटन मार्सालिस ट्रम्पेटवर वाजवून दाखवतात. त्यांचा जन्म १९६१ चा.

मार्सालिस हे मालिकेचे मुख्य सल्लागार. त्यांची दैवते लुई आर्मस्ट्राँग आणि ड्यूक एलिंग्टन. त्यामुळे मालिका कुठेही निघाली तरी वाटेत या दोघांकडे डोकावल्याशिवाय राहत नाही. आर्मस्ट्राँग आपली जन्मतारीख ४ जुलै १९०० सांगत, म्हणजे थेट अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. बाप्तिस्म्याच्या नोंदीत निघाली ४ ऑगस्ट १९०१. आपल्याकडे शाळेत नाव घालताना मास्तर सरसकट १ जून लिहीत, त्यातलाच प्रकार; इथे मास्तरही तेच आणि विद्यार्थीही तेच.

पहिले नऊ भाग १९६० च्या आसपास येऊन थांबतात. पुढची ४० वर्षे एकट्या दहाव्या भागात. पहिल्या पंगतीला आग्रह करकरून जिलेबी वाढावी आणि शेवटच्या पंगतीला नुसता मठ्ठा उरावा, तशी फ्री जॅझ आणि फ्यूजन या नंतरच्या शैलींची गत होते. त्यातच दोन्ही दैवतांचे निधनही उरकायचे असते. वादक आणि समीक्षक यावर पुष्कळ चिडले. मालिका मात्र शांतपणे शेवटाकडे जाते: जॅझ आता संपलेच, असे वाटू लागते, आणि नवी पिढी ते सावरते. तिचा म्होरक्या न्यू ऑर्लिन्सचा एक तरुण ट्रम्पेटवादक असतो, विंटन मार्सालिस नावाचा.