मा. ओपनिंग बॅलन्सेस साहेबांस अर्ज

मा. ओपनिंग बॅलन्सेस साहेब,
मुक्काम इक्विटी, जीएनयूकॅश हिशेब-सॉफ्टवेअर.

विषय : क्रेडिट कार्डाचे जुने देणे पोटात घालणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सही करणारे, म्हणजे दरमहा कार्ड घासणारे पगारदार, प्रथम आपले आभार मानतो. बँक पगाराची स्लिप मागते, घरचे ‘हे अठरा हजार कशाचे?’ असे विचारतात. आपण काहीच विचारत नाही. नवे खाते उघडताना आरंभीच्या शिलकेचा आकडा टाकला, की कार्डाच्या खात्यात देणे जमा होते, तेवढीच रक्कम निमूटपणे आपल्या नावे पडते आणि दोन्ही बाजू जुळतात. त्यात दिवाळीची पैठणी होती की लोणावळ्याचे हॉटेल, याची चौकशी नाही. आणि ते रास्तच आहे. खरेदी हिशेब सुरू होण्याआधीची. ती एप्रिलच्या खर्चात घुसवली तर एप्रिल उगाच बदनाम व्हायचा.

तक्रार एवढीच, की इतक्या उदार साहेबांची सगळी भिस्त एका तारखेवर आहे आणि ती तारीख चौकटीत मुकाट बसलेली असते. समजा, कार्डाचे स्टेटमेंट १८ मार्चला निघाले, देय रक्कम १८,४००. आम्ही, आर्थिक वर्षाचा मान राखून, १ एप्रिलपासून हिशेब मांडतो आणि तोच १८,४०० चा आकडा टाकतो. दरम्यानच्या तेरा दिवसांत ६,२५० रुपयांचे किराणा, पेट्रोल आणि एक वाढदिवस झालेला असतो. तो ना जुन्या देण्यात, ना नव्या खर्चात. १८ एप्रिलचे स्टेटमेंट आले की मेळ बसत नाही आणि घरात एकमेकांकडे पाहणे सुरू होते. एकतर १ एप्रिलला २४,६५० लिहावेत, नाहीतर १८ मार्चला १८,४०० लिहून पुढची प्रत्येक पावती चढवावी. दुसरा मार्ग बरा, कारण त्या आकड्याला बँकेचा छापील पुरावा असतो. पण त्यासाठी पावत्या जपून ठेवणारा माणूस लागतो, आणि तसा माणूस कार्डाच्या वाटेला सहसा जात नाही.

फ्रिजच्या हप्त्यांचे तर बोलायलाच नको. स्टेटमेंटातल्या देय रकमेत फक्त या महिन्याचा हप्ता दिसतो. पुढचे हप्ते कार्डाची मर्यादा अडवून बसतात, पण त्या आकड्यात येत नाहीत. तेही देणेच, ते आपल्या नावे न टाकता फ्रिज मात्र मालमत्तेत दाखवणारे आमच्यात बरेच आहेत.

आणखी एक चमत्कार. आपल्याकडे कार्डाचे देणे साध्या आकड्यात लिहिले तरी चालते; शेजारच्या काही सॉफ्टवेअरांत त्याला उणे चिन्ह लावावे लागते. ते विसरले, की बँकच आमचे देणे लागते असे पुस्तक म्हणू लागते आणि १८,४०० चा कर्जदार कागदावर ३६,८०० ने वर चढतो. इतक्या कमी कष्टात श्रीमंत करणारी दुसरी योजना आमच्या पाहण्यात नाही. मग ५ एप्रिलला बिल भरले, की आम्ही ते ‘खर्च : कार्ड बिल’ म्हणून टाकतो. खरे तर तो बचत खात्यातून कार्डाच्या खात्यात गेलेला पैसा. खर्चात टाकल्यावर जुने देणे जिथल्या तिथे राहते आणि गेलेली पैठणी एप्रिलमध्ये पुन्हा खरेदी होते.

आपल्या घराण्याविषयी आदर आहेच. इटालियन गणिती लुका पाचोलीने १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात व्यापाऱ्याला आधी असलेले-नसलेले सगळे मोजायला लावले, देणीसुद्धा, आणि तेही एकाच दिवशी. त्याच्या नमुन्याच्या यादीवर ८ नोव्हेंबर १४९३ ही तारीख आहे. त्या यादीतली रोख आणि रत्ने समोरच्या बाजूला भांडवलाच्या खात्यातच जात. आपण त्याच कुळातले. आपले टॅलीतले चुलतभाऊ मात्र स्पष्टवक्ते. आरंभीच्या रकमा जुळल्या नाहीत, तर ते ‘डिफरन्स इन ओपनिंग बॅलन्सेस’ अशी पाटी थेट ताळेबंदात लावतात. आपण सभ्य, म्हणून चुकीचा आकडाही बरोबर जुळवून देता.

सबब विनंती, की सोबतचे २४,६५० रुपये आणि फ्रिजचे उरलेले हप्ते दाखल करून घ्यावेत. रिवॉर्ड पॉइंट्स मालमत्तेत धरण्याची मागणी आम्ही तूर्त मागे घेत आहोत.

आपले नम्र,
कार्डधारक

ता. क. : कार्डे दोन आहेत. दुसऱ्याचा आकडा स्वतंत्र अर्जाने कळवू.