मुरबाडच्या भाच्यास, युरोपला जाताना

युरोपात पाठीवर सॅक टाकून कसं फिरावं, या विषयात शहापूर तालुक्यात माझा शब्द शेवटचा मानला जातो. मानणारा मीच आहे, पण अजून दुसऱ्या कुणी दावा सांगितलेला नाही. ग्रुप टूरने जाऊन आलेले पुष्कळ सापडतील. त्यांना मी धरत नाही. सकाळी पोहे, रात्री डाळभात, आणि मध्ये टूर मॅनेजर नावं पुकारून बसमध्ये बसवतो. आपण निवृत्तीनंतर, गुडघे कुरकुरत असताना, दहा जणांच्या खोलीत वरच्या पलंगावर शिडीने चढून झोपलेलो आहोत. तो पलंग मी मागितला नव्हता, पण ते सांगायची गरज नसते.

तेव्हा मुरबाडहून ताईचा फोन आला की, "पोरगं युरोपला चाललंय, एकटंच, त्याला जरा चार गोष्टी सांग," आणि मी लगेच निघालो. किन्हवली, सरळगाव करत एसटी मुरबाडला पोचेपर्यंत चार गोष्टींच्या चाळीस झाल्या होत्या. भाच्याचा बेत अ‍ॅमस्टरडॅम, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, रोम असा होता. सगळं त्याच्या मोबाइलमध्ये तयार. तरी "बोला ना मामा" म्हणाला. संस्कार चांगले आहेत. एक डोळा मोबाइलवर होता, पण दुसरा पूर्ण माझ्यावर होता.

सुरुवात मी रेल्वेपासून केली, कारण रेल्वे हा मुरबाडकरांचा कच्चा दुवा. मुरबाडला रेल्वे येणार हे मी ताईच्या लग्नापासून ऐकतो आहे. ताईला आता सून येईल, रेल्वेचं सांगता येत नाही. म्हटलं, "आम्ही शहापूरकर कसारा लोकलमध्ये वाढलो. सॅक पाठीवरून काढून पोटाशी घ्यायची, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही."

"शहापूरला तरी कुठे स्टेशन आहे?" भाचा म्हणाला. "ते आसनगावला आहे."

हा वार मी युरोपच्याच ढालीवर घेतला. स्वस्त विमानाचं तिकीट काढताना नेमकं हेच बघायचं असतं, असं त्याला समजावलं. तिकिटावर पॅरिस लिहिलेलं असतं आणि उतरवतात बोव्हेला, पॅरिसपासून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर. मुंबईचं विमानतळ आसनगावला काढल्यातला प्रकार. फ्रँकफुर्ट-हान नावाचं एक आहे, ते फ्रँकफुर्टपासून सुमारे 120 किलोमीटर, म्हणजे थेट कसारा. पुढे बसचं भाडं विमानाच्या भाड्याच्या वर जातं आणि अर्धा दिवस खड्ड्यात. भाच्याने मान डोलावली. शहापूरच्या स्टेशनाचा प्रश्न तिथे मिटला असं मी धरलं.

तिथल्या गाड्यांचं मात्र गंभीरपणे सांगितलं. व्हिएन्नात, प्रागमध्ये मेट्रोला आडवे दांडे नाहीत, कुणी अडवत नाही. म्हणून तिकीट नको असं आपल्या मनात येतं. तिथे साध्या कपड्यातला टीसी असतो आणि तो "पुढच्या वेळी लक्षात ठेवा" म्हणत नाही. प्रागमध्ये आणि रोममध्ये कागदी तिकीट नुसतं काढून भागत नाही, यंत्रात घालून त्यावर वेळ उमटवून घ्यावी लागते, नाहीतर पैसे भरूनही विनातिकीट. हे ऐकून भावजी पेपरमधून डोकं काढून म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखंच आहे. कागद असून चालत नाही, शिक्का लागतो."

व्हिसाचा भाग भावजींच्याच अखत्यारीत होता. शेंगेन व्हिसाला अर्ज कुठे करायचा, तर ज्या देशात सर्वांत जास्त रात्री मुक्काम त्याच्या वकिलातीकडे. विमा किमान 30,000 युरोचा. 180 दिवसांत 90 दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही. आणि पोरगं परत येणार याची खात्री पटायला हवी. बँकेचे कागद, नोकरीचं पत्र हे होतंच. भावजींनी त्याला सातबारा जोडला, इंग्रजी भाषांतर करून. त्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत, त्यातली सहा हयात नाहीत आणि दोन कोण ते कुणालाच आठवत नाही. वकिलातीतल्या बाईंनी तो वाचला की नाही देव जाणे. व्हिसा मिळाला. भावजींचं ठाम मत आहे की सातबाऱ्यामुळेच मिळाला. एवढ्या भावकीतला माणूस जमीन वाटून झाल्याशिवाय परदेशात राहणार नाही, हे कुणालाही कळतं.

आता सॅक. "दहा किलोच्या वर जाऊ देऊ नकोस," मी म्हणालो. "भरली की पाठीवर घे आणि एकदा माहुली चढून ये. जमलं तर युरोप जमला. जुन्या इमारतीतल्या हॉस्टेलला कित्येकदा लिफ्ट नसते."

"आम्ही सिद्धगड सोडून माहुलीला कशाला जाऊ?"

वेड्या माणसा, मुद्दा गडाचा नाही. पण मुरबाडमध्ये मुद्दा नेहमी गडाचाच होतो.

दहा किलोंत काय बसवायचं, हा प्रश्न आला आणि मी घोंगडीवर आलो. खरं तर मी मुरबाडला आलो होतो तो घोंगडीवर बोलायलाच.

म्हशाच्या जत्रेतली घोंगडी. पौष पौर्णिमेला म्हशाला जत्रा भरते, बैलबाजार भरतो, आणि घोंगडीवाले माल मांडून बसतात. काळ्या मेंढीच्या लोकरीची, हातमागावरची, चिंचोक्याची खळ दिलेली. नवी घोंगडी अंगाला टोचते. टोचली नाही तर घेऊ नये, असं आमचे वडील सांगत. तीन-चार पावसाळे वापरल्यावर ती माणसाळते. खाली अंथरा, वर पांघरा, पावसात खोळ करून डोक्यावर घ्या. लावणीच्या दिवसांत आमचे आजोबा तिची खोळ घेऊन बांधावर उभे राहिले की पाऊस त्यांना ओलांडून पलीकडे पडायचा. असं एक वस्त्र हाताशी असताना मायक्रोफायबरचा टॉवेल, पाऊसकोट, स्लीपिंग बॅग अशी दुकानं पाठीवर का घ्यायची? हा माझा सिद्धांत होता आणि तो मी प्रागपर्यंत नेला. घोंगडीचं वजन अडीच किलोच्या आसपास. राहिलेल्या साडेसातांत मी माझा संसार बसवला. त्यातलं एक किलो मेतकूट होतं.

प्रागला पाऊस होता. भल्या सकाळी घोंगडीची खोळ घेऊन मी चार्ल्स पुलावर गेलो. हा पूल चौथ्या चार्ल्स राजाने 1357 साली बांधायला घेतला. दोन्ही कठड्यांवर संतांचे पुतळे आहेत. मी एका संताच्या पायाशी उभा राहून नदी बघत होतो. थोड्या वेळाने ध्यानात आलं की येणारेजाणारे पुतळ्यांचे फोटो काढताना जरा डावीकडे सरकताहेत आणि डावीकडे मी आहे. छाती फुगली. ठाणे जिल्ह्याची हस्तकला आज मध्य युरोप बघतो आहे, असं मनात आलं. मी खोळ सारखी केली, चेहरा थोडा दूरवर नेला. तेवढ्यात एका सद्गृहस्थांनी माझ्या पायाशी वाकून नाणं ठेवलं आणि अदबीने पुढे गेले.

नाणं उचलल्यावर कळलं, प्रागमध्ये युरो नव्हे, कोरुना चालतो. बुडापेस्टला फोरिंट. हे भाच्याला मी आवर्जून सांगितलं. नाणं हाती कसं आलं ते नाही सांगितलं.

खरा प्रसंग रात्री आला. भिजलेल्या घोंगडीला एक वास येतो. आमच्याकडे तो पावसाळ्याचा वास म्हणून कुणाच्या नाकाला खटकत नाही. दहा जणांच्या बंद खोलीत, हीटर लावलेला असताना, त्याचं रूप वेगळं असतं. खालच्या पलंगावरची मुलगी उठून बसली आणि अंधारात कोपरे बघू लागली. तिला नक्की काय शोधायचं होतं ते मला ठाऊक होतं, पण खोलीत मेंढी नाही हे मी कुठल्या तोंडाने सांगणार? सकाळी काउंटरवरच्या पोराने हसतमुखाने नियम दाखवला. ढेकणांच्या भीतीने बऱ्याच हॉस्टेलांत स्वतःचं अंथरूण-पांघरूण वापरू देत नाहीत. म्हशाच्या घोंगडीत ढेकूण! मी त्याला लोकर, खळ, माग सगळं समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि मला एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी दिली. पुढचा सगळा युरोप घोंगडीने त्या पिशवीतून पाहिला.

"म्हणजे घोंगडी न्यायची नाही," भाचा म्हणाला.

"असं मी कुठे म्हटलं? सुकी ठेवायची."

स्वयंपाकघरातून ताई डबे घेऊन आली. इथे माझं ज्ञान खरोखर कामाला आलं. युरोपियन युनियनच्या नियमाप्रमाणे बाहेरून येणाऱ्याने मांस आणि दुधाचे पदार्थ आणायचे नाहीत. तूप बाद, पेढे बाद, खव्याची पोळी बाद. ताज्या फळांना प्रमाणपत्र लागतं, त्यातून पाच सुटलेली आहेत: अननस, केळं, खजूर, ड्युरियन आणि नारळ. आंबा चालत नाही, नारळ चालतो. ताईचे हात आपोआप जोडले गेले. आणि मासळी? स्वतःपुरती असेल तर वीस किलोपर्यंत चालते. पेढ्यांना बंदी आणि सुक्या बोंबलांना मुभा, असा हा खंड आहे. ताई ताबडतोब बोंबील काढायला उठली. तिला बसवताना मी सांगितलं, की बोंबील नियमात बसत असले तरी दहा जणांच्या खोलीत बसतीलच असं नाही. घोंगडीचा अनुभव गाठीशी होता.

मग पाण्याची बाटली. "रिकामी ने आणि तिथे भरत जा," एवढंच सांगून मी पुढे जाणार होतो. रोममध्ये रस्त्यारस्त्यावर नळ वाहत असतात, व्हिएन्नात घरच्या नळाला डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं. पण भाच्याने विचारलं, "डोंगरातलं पाणी शहरात येतं कसं?" आणि मला ते सांगावं लागलं. आल्प्सच्या डोंगरातून पहिली वाहिनी 1873 साली आली, पंच्याण्णव किलोमीटरची. दुसरी 1910 साली, जवळपास त्याच्या दुप्पट. पंप नाही, पाणी आपल्या उतारानेच येतं.

व्हिएन्नात एका बागेतल्या नळावर बाटली भरताना एक म्हातारे गृहस्थ भेटले. त्यांनी हेच मला अभिमानाने, मोडक्या इंग्रजीत सांगितलं. आता समोरचा अभिमानाने बोलला की मला राहवत नाही. माझंही इंग्रजी मोडकं, तेव्हा बरोबरीचा सामना. मी म्हणालो, यात विशेष काय, आमचा तालुकाही मुंबईला पाणी पाजतो. तानसा 1892 पासून. पुढे भातसा धरण आलं, आज मुंबईच्या पाण्यात सर्वांत मोठा वाटा त्याचा. म्हातारे खूश झाले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मग तुमच्या गावाला पाणी अगदी उत्तम असणार."

मी म्हणालो, "फार गोड."

खोटं नव्हतं ते. गोडच आहे. फक्त एप्रिल-मे आला की आमच्या कित्येक पाड्यांना ते टँकरने येतं, आणि टँकर कधी येईल ते टँकरलाच माहीत. मुंबईकडे जाणारे नळ इतके मोठे की आत माणूस उभा राहील. त्यांच्या आसपास राहणाऱ्या बाया हंडे घेऊन आटत चाललेल्या विहिरीच्या तळाशी उतरतात. रविवारी पहिल्या कसारा लोकलने सॅकवाली पोरं येतात, माहुलीला, आजोबा डोंगराला जातात. उतरताना बाटल्या संपलेल्या असतात, मग पाड्यात एखाद्या दारात उभी राहून पाणी मागतात. त्या घरात पाणी कुठून, कितव्या खेपेला आलेलं आहे, हे त्यांना कुठून कळणार? आणि देणारी बाई सांगतही नाही. तांब्या विसळते तेही पाणी परत भांड्यातच टाकते, आणि भरून देते. तेच पाणी पोरांच्या मुंबईच्या घरी नळाला येत असतं. या हिशेबाची चीड मला शहापुरात कधी आली नव्हती, रोजचं झालं होतं. ती व्हिएन्नात आली, त्या म्हाताऱ्यांच्या हातात हात असताना, आणि तिथे सांगायला कुणी नव्हतं. बाटली भरून मी निमूट चालता झालो.

"मामा?" भाचा म्हणाला. मोबाइल खाली होता. आता दोन्ही डोळे माझ्यावर होते.

"काही नाही. कुलूप ने एक," मी म्हणालो. "लॉकर असतात, कुलूप आपलं लागतं. आणि स्टेशनातल्या मुतारीला बऱ्याच ठिकाणी पैसे पडतात, चिल्लर ठेव."

महिन्याभराने तो गेला. निघताना सॅक तोलली, नऊ किलो तीनशे. घोंगडी नव्हती, नारळ होता. अ‍ॅमस्टरडॅमला उतरल्यावर त्याचा ताईला फोन आला, मग मला आला. सगळं सुरळीत, फक्त पासपोर्टवर शिक्काच मारला नाही म्हणाला, बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला आणि सोडलं. मला ते माहीत होतं. 12 ऑक्टोबर 2025 पासून तिथे टप्प्याटप्प्याने शिक्क्याची पद्धत बंद करून ही नवी सुरू केली आहे. शिवाय शिक्के होते तेव्हाही शेंगेनमध्ये एकदा आत शिरलं की देश बदलला तरी शिक्का नसायचा, फक्त येतानाचा एक आणि जातानाचा एक. एवढी शहरं पालथी घालून माझ्याही पासपोर्टवर दोनच आहेत, आणि गावात कुणाला दाखवले की "बस, एवढेच?" असं विचारतात.

मी फोनवर बऱ्यापैकी हळहळलो. काळ बदलला रे, वगैरे म्हणालो. फोन ठेवून कपाटातून पासपोर्ट काढला. दोन्ही शिक्के जागेवर होते. जातानाचा थोडा फिकट आहे, पण उजेडात धरला तर तारीख वाचता येते.